सुगंधाचे सोवळे-ओवळे

एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला

आपल्या समाजातून सोवळे-ओवळे हद्दपार झाले असे आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. स्वयंपाकघरातून ते बरेचसे गेले असेलही. परंतु तेथून निघून ते न्हाणीघरातल्या फळीवर येऊन बसले आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. वसतिगृहातल्या कोणत्याही खोलीत जावे आणि खिडकीच्या कट्ट्यावरची बाटल्यांची रांग पाहावी. त्या रांगेत सरळसरळ दोन वर्ण असतात. एका वर्णाच्या बाटलीवर पानाफुलांची चित्रे आणि 'नॅचरल', 'केमिकल-फ्री', 'प्युअर एसेन्शियल ऑइल' अशी बिरुदे. ती सोवळ्यातली. दुसरी कोपऱ्यावरच्या दुकानातली, स्वस्त, गुलाबी रंगाची. तिचा वास 'कृत्रिम' आहे असे नाक मुरडून सांगितले जाते. ती ओवळी. सोवळ्यातल्या बाटलीची किंमत कितीतरी जास्त असते हे ओघानेच आले. सोवळे पाळणे पूर्वीही खर्चाचेच काम होते.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकात क्रीम आणि साबणांवर लिहावे का, असा प्रश्न काही प्राध्यापकांना पडेल. विज्ञान शाखेच्या मंडळींना तर हा सरळ सरळ अतिक्रमणाचा प्रकार वाटेल. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकापुरताच, हेही खरे. परंतु हा वाद मुळात रसायनाचा नसून शब्दाचा आहे, असे मला वाटते. 'नैसर्गिक' हा एक शब्द किती प्रकारचा माल विकू शकतो, हे पाहणे भाषेच्या विद्यार्थ्यांचेच काम आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटता येईल. सुगंध झाडाचा की कारखान्याचा, हा प्रश्न नाकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, जंगलाच्या दृष्टीने आहे, खिशाच्या दृष्टीनेही आहे. कातडीच्या दृष्टीने मात्र तो जवळजवळ गैरलागू आहे. कातडीला वंशावळ वाचता येत नाही. अंगावर आलेले द्रव्य कोणते, किती आणि किती वेळ, एवढेच तिला कळते.

निसर्ग म्हणजे माउली, ती लेकरांना इजा करणार नाही, अशी एक समजूत या सगळ्याच्या बुडाशी आहे. ही समजूत शहरात वाढलेल्यांची असावी. ज्याच्या अंगावर बिब्बा उतला आहे, तो निसर्गाला माउली म्हणण्याआधी क्षणभर थांबेल. धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्ब्याचे तेल वापरीत आणि ती खूण ज्याच्या मानेला घासे त्याच्या मानेवर चट्टे उठत. इंग्रज डॉक्टरांनी त्या रोगाच्या नावात धोबी घालून ठेवला. बिब्ब्यात कोणत्या कारखान्याने भेसळ केली होती? खाजकुइलीत कोणी केली? १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि कित्येक शेतकऱ्यांच्या मानेची, हातांची, पापण्यांची कातडी हत्तीच्या कातडीसारखी जाड झाली. ते गवतही शंभर टक्के नैसर्गिक आहे.

कोणी म्हणेल, बिब्बा आणि गुलाब यांची तुलना कशी करता? करू नये हे खरे. गुलाबाचीच गोष्ट घेऊ.

वसतिगृहातली माझी एक मैत्रीण. नाव सांगण्याचे कारण नाही, आणि सांगितलेले तिला आवडणारही नाही. गेल्या वर्षी तिच्या गालांवर आणि कपाळाच्या कडेने काळसर डाग दिसू लागले. आधी थोडी खाज, मग डाग. तिने पहिल्याने तिची नेहमीची क्रीम बंद केली, कारण सगळ्यांनी एकमुखाने सांगितले की 'केमिकल'मुळे झाले असेल. मग कोणाच्या तरी सल्ल्यावरून गुलाब आणि इतर फुलांची शुद्ध तेले घातलेली एक महागडी बाटली आणली. रोज रात्री झोपताना ती चेहऱ्यावर लावायची. डाग वाढले. विकणाऱ्यांना विचारले तेव्हा उत्तर आले की त्वचेतली विषे बाहेर पडत आहेत, आणखी सहा आठवडे लावा. तिने लावले. दरम्यान घरी गेली तेव्हा नातेवाइकांनी जी मुक्ताफळे उधळली ती येथे लिहीत नाही; मुलीचा चेहरा ही आपल्याकडे सार्वजनिक मालमत्ता असते, एवढे म्हणून सोडून देते.

शेवटी ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांची पट्टी चिकटवली. प्रत्येक चकतीत एकेक संशयित द्रव्य. दोन दिवस आंघोळीला पाठ भिजवायची नाही, मग पट्टी काढून पाहायचे, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. ही 'पॅच टेस्ट' काही नवी नाही. योसेफ याडासोन या डॉक्टरांनी ती १८९५ साली मांडली. तिच्या पाठीवर ज्या चकतीखाली लालभडक चौकोन उठला, त्या चकतीत होते जिरॅनिऑल. गुलाबाच्या वासातला एक प्रमुख घटक. तिच्या जुन्या, 'कृत्रिम' क्रीममध्ये तो असणे शक्य होते. नव्या, शुद्ध, नैसर्गिक बाटलीत तर गुलाबाचे तेलच होते, म्हणजे तो असणारच.

हे कसे होते तेही थोडक्यात सांगते. सुगंधी द्रव्यांचे रेणू फार लहान असतात. म्हणून तर ते हवेत उडतात आणि आपल्याला वास येतो. लहान असल्यामुळेच ते कातडीच्या वरच्या थरातून आत शिरू शकतात. आत गेल्यावर त्यांतले काही आपल्या शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराचे रखवालदार त्या जोडीला परका इसम समजतात. पहिल्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे दिसत नाही. पण एकदा का रखवालदाराने चेहरा लक्षात ठेवला की तो सहसा विसरत नाही. पुढच्या खेपेस दिवसा-दोन दिवसांनी खाज, पुरळ, लाली. गोऱ्या कातडीवर लाली येते आणि ओसरते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ती जाताना काळा डाग मागे ठेवते. म्हणून 'इतकी वर्षे हेच लावते, काही झाले नाही' हा युक्तिवाद येथे चालत नाही. आणि 'आजच लावले, लगेच काही झाले नाही' हाही चालत नाही.

आता हे जिरॅनिऑल म्हणजे कोण? त्याची कहाणी आपल्या खानदेशाच्या रानातूनच जाते. रोशा गवत, ज्याला तिखाडीही म्हणतात, ते आपल्याकडच्या डोंगरउतारांवर उगवते. त्याची मोतिया नावाची जात उत्तम समजली जाते. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूला हे गवत रानातच भट्ट्या लावून ऊर्ध्वपातन करीत आणि निघालेले तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानापर्यंत जात असे. तेथे त्याचे काय करीत? गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. रोशाच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण फार मोठे, सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक. गुलाबाच्या तेलातही तेच द्रव्य. म्हणून भेसळ ओळखू येत नसे. युरोपातल्या श्रीमंत बायका बल्गेरियाचा गुलाब म्हणून जे हुंगत होत्या, त्यांतले काही आमच्या डोंगरातले गवत होते. मला हे वाचून गंमत वाटली आणि थोडा अभिमानही वाटला. पण मुद्दा असा की, येथे सोवळे काय नि ओवळे काय? फूल नैसर्गिक, गवतही नैसर्गिक, आणि त्यांची मिसळ ही शुद्ध फसवणूक. आज तेच जिरॅनिऑल कारखान्यात टर्पेंटाइनपासूनही बनते, आणि टर्पेंटाइन येते पाइनच्या झाडातून. आता सांगा, हे झाडाचे म्हणायचे की कारखान्याचे? माझ्या मैत्रिणीच्या पाठीने तो प्रश्नच विचारला नाही.

सुगंधाच्या कारखान्याचा सारा इतिहासच अशा संकराचा आहे. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने १८६८ मध्ये कूमरिन प्रयोगशाळेत तयार केले. कापून वाळत घातलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो याचा. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मनांनी व्हॅनिलिन बनवले, तेही पाइनच्या सालीखाली मिळणाऱ्या एका द्रव्यापासून. १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर यांनी आयोनोन काढले आणि व्हायोलेट फुलाचा वास, जो तोवर राजघराण्यांना परवडे, तो साबणाच्या वडीत आला. हे आयोनोन ज्या सिट्रालपासून बनते, ते गवती चहाच्या तेलात भरपूर असते आणि ते तेल पुढे कित्येक वर्षे मलबार-त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून युरोपला जात राहिले. म्हणजे फ्रान्समधल्या बाईच्या रुमालावरच्या नकली व्हायोलेटच्या मुळाशी आपल्या परसातल्या चहात पडणारी हिरवी पात होती. देवापुढे आपण आरतीला जो कापूर लावतो, तोही बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनलेला असतो. देवाने आजवर तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

कृत्रिम सुगंधाने एक पुण्याचे कामही केले आहे, आणि निसर्गभक्तांनी ते विसरू नये. कस्तुरी हवी तर हिमालयातला नर कस्तुरीमृग मारावा लागे. एका नराच्या पोटाखालच्या ग्रंथीतून जेमतेम दोन-अडीच तोळे माल निघे. १८८८ साली आल्बर्ट बाउर हा स्फोटक द्रव्यांवर काम करीत असताना त्याला कस्तुरीसारखा वास देणारे एक द्रव्य अपघाताने सापडले आणि नकली कस्तुरीचे युग सुरू झाले. एरवी जगभरच्या साबणांना आणि अत्तरांना पुरेल इतकी कस्तुरी कोठून आणली असती? कस्तुरीमृग आजही संकटात आहेच. मग काय शिल्लक राहिले असते याची कल्पना करवत नाही.

पण म्हणून कारखान्याची आरती ओवाळावी असेही नाही. त्याच नकली कस्तुरींपैकी एक, मस्क अँब्रेट. दाढीनंतर लावायच्या लोशनांत ती सर्रास असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉक्टरांना असे पुरुष रुग्ण आढळू लागले, की ज्यांच्या चेहऱ्यावर ती लावून उन्हात गेल्यावर पुरळ उठे. ती मज्जासंस्थेलाही घातक असल्याचे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आणि युरोपात १९९५ मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून तिला काढून टाकण्यात आले. तिची बहीण मस्क झायलीन नद्यांच्या पाण्यात, माशांच्या अंगात आणि पुढे आईच्या दुधातही सापडली. लिलिअल नावाचे एक द्रव्य, फुलांचा हलका ताजा वास देणारे, कित्येक दशके साबणांत, शाम्पूंत, क्रीममध्ये होते. प्रजननक्षमतेला अपाय करणारे म्हणून त्याची नोंद झाली आणि १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली. ही सगळी द्रव्ये बंदीच्या आदल्या दिवसापर्यंत 'सुरक्षित' होती. तेव्हा कारखानदार सुरक्षित म्हणतो म्हणून निर्धास्त राहावे, असे सांगणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

या बाबतीत युरोपीय संघाचा २०१७ मधला एक नियम मला फार बोलका वाटतो. त्या एकाच नियमाने तीन द्रव्यांना सौंदर्यप्रसाधनांतून हाकलले. एक लायरल, पूर्णपणे मानवनिर्मित. उरलेली दोन, अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉल, ही ओकमॉसच्या अर्कात सापडणारी. ओकमॉस म्हणजे झाडांवर वाढणारी, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतली वनस्पती. फ्रेंच अत्तरांचा तो जुना मानकरी. नियम करणाऱ्यांनी तिघांची कुळे विचारली नाहीत. कातडीवर काय परिणाम होतो एवढे पाहिले. सोवळे-ओवळे न मानणारा नियम तो हा.

आपल्या परंपरेचा अपमान होतो आहे, असे आतापर्यंत कोणाला तरी वाटू लागले असेल. माझ्या मते परंपरा या बाबतीत आजच्या 'नैसर्गिक' बाजारापेक्षा पुष्कळ शहाणी होती. ती सुगंध कसा वापरीत होती ते आठवून पाहा. मोगऱ्याचा गजरा केसात. वाळा पाण्याच्या माठात. अत्तराचा फाया कानात. दवणा-मरवा देवाच्या डोक्यावर. हळदीकुंकवाला मनगटाला अत्तराचे एक बोट आणि गुलाबदाणीतून चार थेंब. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल, गुलाबकळी हे सगळे असे. पण ते भरड चूर्ण, तेही दुधात किंवा पाण्यात कालवून घटकाभर अंगाला चोळायचे आणि ऊन पाण्याने धुऊन टाकायचे. वर्षातून दोन-तीनदा. गुलाबाचे तेल घोटून रात्रभर तोंडाला माखून झोपावे, असे आमच्या आजीने तरी कधी सांगितले नाही.

आणि येथे प्रमाणाचा प्रश्न येतो, ज्याकडे 'नैसर्गिक' म्हणणारे साफ कानाडोळा करतात. एक किलो गुलाबतेल काढायला साधारण साडेतीन हजार किलो फुले लागतात. त्या हिशेबाने तेलाच्या एका थेंबात दीडशे ग्रॅमच्या आसपास फुले आली. दीडशे ग्रॅम गुलाब देव्हाऱ्यात कित्येक दिवस पुरतील. हे सगळे एका वेळी गालावर चोळणे, यात नैसर्गिक काय आहे? गुलाबाचे झाड तरी इतके सुगंधी द्रव्य एका जागी कधी ठेवते का? ऊर्ध्वपातन ही कनौजच्या अत्तरवाल्यांची शेकडो वर्षांची विद्या आहे. तांब्याची देग, बांबूची नळी, भपका, आणि त्या भपक्यात चंदनाचे तेल. मातीचे अत्तर काढणारी ती माणसे, त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. पण ती विद्या आहे, म्हणजे माणसाची करणी आहे. ती निसर्गात आपोआप होत नाही.

चंदनाचे म्हणाल तर गंध आपण कपाळाला लावतो आणि ते दिवसभर राहते, हे खरे. पण चंदनाला तरी काही होत नाही अशातला भाग नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यांवर तपकिरी-काळे डाग पडले. तेथील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा काही कृत्रिम रंगांच्या जोडीने इलांग-इलांग, मोगऱ्याच्या भावंडांचे अर्क आणि चंदनाचे तेलही संशयितांत निघाले. आपल्याकडे कुंकवाने कपाळावर पडणाऱ्या डागांच्या तपासण्यांतही लाल रंगांबरोबर सुगंधी द्रव्ये दोषी आढळली आहेत. हळदीपासून घरी केलेले कुंकू आणि बाजारात मिळणारे वासाचे कुंकू यांत फरक आहे, हे आपल्या आज्यांना पॅच टेस्टवाचूनच कळले होते.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्या वाचनात सर्वांत अनपेक्षित वाटली. लॅव्हेंडरमध्ये आणि आपल्या धन्यांत लिनॅलूल असते, संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन असते. ही द्रव्ये ताजी असताना बरीचशी निरुपद्रवी. पण बाटली उघडली, हवा लागली, महिने गेले, की ती हवेतला प्राणवायू घेऊन बदलतात आणि ती बदललेली रूपे कातडीला झोंबणारी निघतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. म्हणजे महाग आहे म्हणून पुरवून पुरवून, वर्ष-दीड वर्ष वापरलेली ती सोवळ्यातली बाटलीच अधिक वाईट! गरीब मुलीची काटकसर तिच्या चेहऱ्यावर उठते, हे वाचून मला हसावे की रडावे ते कळेना. लिनॅलूल कारखान्यातले असले तरी तेच होते, हे वेगळे सांगायला नको.

मग करावे काय? चेहऱ्याच्या क्रीमला वास कशासाठी हवा, हा माझा पहिला प्रश्न आहे. क्रीमचे काम कातडी मऊ ठेवण्याचे. वासाने त्या कामात कसलीच भर पडत नाही. तो नाकासाठी असतो आणि विक्रीसाठी असतो. अंग धुऊन टाकायच्या साबणात असेना का. मोती साबणाच्या वासावाचून आमच्याकडे दिवाळी उजाडत नाही, आणि तो वास जाऊ नये असे मलाही वाटते. तो मिनिटभरात पाण्याबरोबर वाहून जातो. पण जे रात्रभर, दिवसभर अंगावर राहणार, ते बिनवासाचे असावे. वास हवा तर कपड्याला लावावा, केसात फूल माळावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. माझ्या मैत्रिणीला डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली. तीत लिहिले होते : जिरॅनिऑल असलेले काही लावू नये. ती चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी गावातल्या चार दुकानांत गेलो. बाटल्या उलटसुलट करून मागचे बारीक अक्षर वाचले. बहुतेकांवर सुगंधाच्या जागी एकच शब्द होता, 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स'. त्या एका शब्दाआड पाच द्रव्ये असतील, पन्नास असतील. नैसर्गिक म्हणवणाऱ्यांपैकी काहींवर तर 'फुलांचा अर्क' यापलीकडे पत्ता नाही. दुकानदाराने वैतागून विचारले, "ताई, घ्यायचे काय आहे?" घ्यायचे काय आहे ते आम्हांला माहीत होते, कशात काय आहे ते त्यालाही माहीत नव्हते. आजार कळला, औषध कळले, आणि तरीही पथ्य पाळता येऊ नये, अशी ही स्थिती आहे.

युरोपात २००५ पासून असे आहे की ठरावीक २६ सुगंधी पदार्थांपैकी कोणताही, अंगावर ठेवायच्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याहून अधिक असेल, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमहून जास्त, तर त्याचे नाव बाटलीवर छापावेच लागते. धुऊन टाकायच्या वस्तूंना ही मर्यादा दसपट. त्या यादीत जिरॅनिऑल आहे, लवंगेतले युजेनॉल आहे, लिंबाच्या सालीतले लिमोनीन आहे. २०२३ मध्ये ती यादी वाढवून ऐंशीच्या वर नेण्यात आली आणि तीत गुलाबाचे, लॅव्हेंडरचे, गवती चहाचे, चंदनाचे अशी सबंध तेलेही घातली आहेत. कोणावर बंदी नाही. फक्त नाव सांगा. आपल्याकडेही काही उत्पादक अशी नावे छापू लागले आहेत, पण ती इतकी बारीक आणि अशा इंग्रजीत की वाचणारा वाचण्याआधीच हार मानतो. नावे सर्व बाटल्यांवर, वाचता येतील अशा अक्षरात आणि मराठीतही छापावीत, ही मागणी ग्राहक चळवळींनी लावून धरायला हवी. माझ्या मैत्रिणीला जिरॅनिऑल हा शब्द आता मराठीत उत्तम वाचता येतो.

नैसर्गिक विरुद्ध कृत्रिम हा वाद जेथे खरोखर करायला हवा, तेथे मात्र तो होत नाही, हे एक दुर्दैव. म्हैसूर संस्थानाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या सुमारास, चंदनतेलाचा सरकारी कारखाना काढला. युद्धामुळे लाकडाची निर्यात अडली होती म्हणून. १९१८ मध्ये तेथला चंदनाचा साबण आला. त्यानंतरच्या शतकात दक्षिणेतल्या चंदनाची काय दशा झाली, तस्करांनी जंगले कशी पोखरली, हे सर्वांना ठाऊक आहे. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत चंदन आता असुरक्षित गणले जाते. कनौजमध्येही चंदन महाग झाल्यामुळे पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी निर्गंध खनिज तेल आले आहे. ज्यांना 'शुद्ध चंदन' रोज तोंडाला लावायचे आहे, त्यांनी हे झाड पक्व होऊन त्याच्या गाभ्यात तेल धरायला कितीएक वर्षे लागतात, याचा हिशेब एकदा करावा. येथे मी कारखान्याच्या बाजूची आहे. कातडीसाठी नव्हे, झाडासाठी.

दिवाळीच्या आधी आमच्या वसतिगृहातल्या मुली उटण्याच्या पुड्या करून विकतात आणि त्या पैशांतून ग्रंथालयाला पुस्तके घेतात, हे आपल्याला माहीत आहेच. या वर्षी पुडीवर 'शुद्ध, नैसर्गिक, केमिकलविरहित' असे छापायचे घाटत होते. मी आणि माझ्या मैत्रिणीने त्याऐवजी आत काय काय आहे त्याची यादी छापावी असे सुचवले आहे. चर्चा बरीच झाली; यादीने गिऱ्हाईक बिचकते असे काहींचे म्हणणे पडले. अकरा जिनसा आहेत. छापखान्यात विचारून आले, तेवढी नावे त्या कागदावर मावतात.